आधी विक्री, मग खरेदी : क्वालालंपूरच्या एका इस्लामिक बँकेतलं तवर्रुक प्रकरण

तवर्रुक म्हणजे व्याज न लावता, मालाच्या खरेदी-विक्रीतून ग्राहकाला रोख पैसे द्यायची पद्धत. केस मलेशियातली आहे. बँकेचं नाव देत नाही, आकडे मुद्दाम ढोबळ ठेवलेत, माणसांची फक्त पदं सांगतो. मी तेव्हा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडून कोअर बँकिंग मायग्रेशनवर बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून क्वालालंपूरला होतो, त्यामुळे शरियाचं ज्ञान माझं मीटिंगमध्ये बसून ऐकलेलं, पण सिस्टिममध्ये काय घडलं ते मात्र लॉगसकट पाहिलेलं. आणि या प्रकरणात नेमका तोच भाग बँकेच्या शरिया कमिटीसमोर कधी आला नव्हता.

पार्श्वभूमी

आपल्याकडे इस्लामिक बँक नाहीच, त्यामुळे थोडं आधीपासून सांगावं लागेल. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असं म्हटलं होतं, पुढे बरीच चर्चा झाली, आणि २०१७ मध्ये माहिती अधिकाराखालच्या एका उत्तरात रिझर्व्ह बँकेने प्रस्ताव पुढे नेणार नसल्याचं सांगून टाकलं. मलेशियात उलट. तिथली पहिली इस्लामिक बँक १९८३ ची, १९९७ पासून सेंट्रल बँकेत, म्हणजे बँक नेगारामध्ये, शरिया सल्लागार परिषद आहे, आणि २००९ च्या कायद्याने या परिषदेचा निर्णय कोर्टावरसुद्धा बंधनकारक केलाय. त्याखाली प्रत्येक इस्लामिक बँकेची स्वतःची शरिया कमिटी, किमान पाच जणांची. बहुतेक फिकहचे, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचे, अभ्यासक, जोडीला एखादा वकील किंवा फायनान्सवाला. एक माणूस एकाच वेळी दोन इस्लामिक बँकांच्या कमिटीवर बसू शकत नाही, हा नियम मला फार आवडला, कारण आखातात तेच ते मोजके मोठे विद्वान डझनावारी बोर्डांवर असायचे ही जुनी तक्रार आहे. कमिटीशिवाय बँकेच्या आत शरिया रिव्ह्यू, शरिया रिस्क, शरिया ऑडिट अशी वेगवेगळी टेबलं. थोडक्यात, कागदावर व्यवस्था भक्कम.

आता प्रॉडक्ट. साधं पर्सनल फायनान्सिंग, ग्राहकाला रोख पैसे हवेत. व्याजाने पैसे देता येत नाहीत, म्हणून तवर्रुक. बँक आधी रोखीने कमोडिटी घेते, मलेशियात बहुतेक वेळा कच्चं पाम तेल. मग तेच तेल ग्राहकाला नफा धरून उधारीवर विकते, आणि ग्राहकाचा वकील, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून त्याच्या वतीने, लगेच तिसऱ्या पार्टीला रोखीत विकून पैसे ग्राहकाच्या खात्यात टाकते. ग्राहक तेलाचा थेंबही बघत नाही. यावर जगभर वाद आहे, २००९ मध्ये ओआयसीच्या, म्हणजे इस्लामी देशांच्या संघटनेच्या, फिकह अकादमीने शारजाच्या बैठकीत असा संघटित तवर्रुक नाजायज ठरवला, मलेशियाची परिषद मात्र तो चालवून घेते, आणि त्याच वर्षी तिथल्या शेअर बाजाराने बुर्सा सूक अल-सिला नावाचा प्लॅटफॉर्म खास याच कामासाठी सुरू केला. या बँकेचा प्लॅटफॉर्म मात्र दुसरा, लंडनच्या घड्याळाने वेळ नोंदवणारा.

वाद बाजूला ठेवला तरी तवर्रुक मानणाऱ्यांचीही एक अट पक्की असते, ती म्हणजे क्रम. बँकेने आधी माल घ्यायचा, मालकी आली की मगच ग्राहकाशी विक्रीचा अकद, म्हणजे करार, करायचा. शेजाऱ्याची म्हैस मी आज तुम्हाला विकली आणि उद्या जाऊन त्याच्याकडून विकत घेतली, तर आजची विक्री कशाची? फिकहमध्ये अशी विक्री बातिल, म्हणजे झालीच नाही. आणि विक्री नाही तर नफाही नाही, मग उरतं काय, दिलेल्या रोख पैशावर घेतलेले जास्तीचे पैसे. म्हणजे रिबा, जे टाळायला हा सगळा खटाटोप.

काय सापडलं

जुनी सिस्टिम बंद करून नवीन आणायची होती, त्यासाठी प्रत्येक चालू खात्याला त्याचं कमोडिटी सर्टिफिकेट, म्हणजे त्या खात्यासाठी तेल घेतल्याचा कागद, जोडायचं काम आमच्याकडे. नव्या सिस्टिममध्ये एक साधं व्हॅलिडेशन होतं, कमोडिटी खरेदीची वेळ ही पैसे वाटपाच्या वेळेच्या आधी असली पाहिजे. पहिल्याच ट्रायल रनमध्ये हजारो खाती फेल.

सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, टाइमझोन. पुण्याहून आमच्या लीडचा फोन, "अरे सर्टिफिकेट लंडनचं आहे, तुम्ही सरसकट आठ तास मिळवताय, उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे असतं, सात मिळवा." बरोबरच होतं ते. तेल पाच-दहा मिनिटं आधी घेतलेलं असायचं, पण उन्हाळ्यातल्या सर्टिफिकेटांना आठ तास लावले की खरेदी जवळजवळ तासभर उशिरा झाल्यासारखी दिसायची. ते दुरुस्त केलं आणि जवळपास सगळी खाती पास झाली.

काही शे मात्र राहिली. आणि यांच्यात फरक तासाभराचा नव्हताच, रात्रभराचा होता. पैसे संध्याकाळी गेलेत, तेल दुसऱ्या दिवशी घेतलंय. बहुतेक सगळी टॉप-अपची, म्हणजे जुन्या ग्राहकाने आणखी रक्कम घेतली, त्यातून आधीचं खातं बंद झालं, उरलेले पैसे हातात, अशी. आणि बहुतेक महिनाअखेरची.

शोधल्यावर कळलं की दोनेक वर्षांपूर्वी ऑपरेशन्सने एक चेंज रिक्वेस्ट, म्हणजे सिस्टिममध्ये बदलाची मागणी, टाकली होती. संध्याकाळी प्लॅटफॉर्मचं कनेक्शन टाइमआउट व्हायचं, फाइल अडकायची, ब्रँचमधून बोंबाबोंब, म्हणून सुपरवायझरला एक मॅन्युअल कन्फर्मचं बटन दिलं. बटन दाबलं की अकदचा एसएमएस ग्राहकाला जातो, ग्राहक होकार देतो, पैसे सुटतात, आणि कमोडिटी ऑर्डर सकाळच्या बॅचमध्ये जाते. त्या चेंज रिक्वेस्टवर शरिया इम्पॅक्ट असा एक रकाना होता. त्यात लिहिलं होतं, नाही. बटन मागणाऱ्याला तो खरंच परफॉर्मन्सचा प्रश्न वाटला असणार, त्यात लबाडी मला तरी दिसली नाही.

मग दर वर्षी शरिया ऑडिट काय करत होतं? नमुना म्हणून फाइली काढायचे, सर्टिफिकेट आहे का, रक्कम जुळते का, तारीख जुळते का. आता गंमत बघा, क्वालालंपूरची सकाळ म्हणजे लंडनची मध्यरात्र किंवा आदली रात्र. सकाळी सातच्या आत घेतलेल्या तेलाच्या सर्टिफिकेटवर लंडनची आदल्या दिवसाचीच तारीख छापून यायची, म्हणजे पैसे सुटल्याचीच तारीख! कागद चोख जुळायचा. ऑडिटवाल्यांनी वेळेचा रकाना पाहिलाच नव्हता कारण चेकलिस्टमध्ये तारीख होती, वेळ नव्हती.

पहिला निर्णय : कळलं म्हणजे कधी कळलं?

मलेशियाचा इस्लामिक वित्तसेवा कायदा २०१३ चा. त्याच्या कलम २८ प्रमाणे आपलं काम शरियाला धरून नाही हे बँकेच्या लक्षात आलं की तिने ताबडतोब बँक नेगाराला आणि स्वतःच्या शरिया कमिटीला कळवायचं, ते काम तिथल्या तिथे थांबवायचं, आणि ३० दिवसांत दुरुस्तीचा प्लॅन द्यायचा. शिक्षा नुसती नावाला नाही, ८ वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यामुळे "लक्षात आलं" याची तारीख कोणती यावरच पहिली झटापट. आमचा रिपोर्ट प्रोजेक्ट ऑफिसकडे गेला, तिथून ऑपरेशन्सकडे, तिथून शरिया विभागाच्या प्रमुखांकडे. त्यांना सगळे उस्ताझ म्हणायचे, तिथे धर्म शिकलेल्या माणसाला तसंच म्हणतात. उस्ताझचं म्हणणं होतं की संशय आहे तेवढ्यावर आजच कमिटीच्या अध्यक्षांना फोन करू आणि बटन आज संध्याकाळपासून बंद. रिटेलचे हेड म्हणाले, आधी लीगलकडून मेमो तपासून घेऊ, हा डेटाचा घोळ निघाला तर उगाच नाचक्की. वरकरणी दोघांचंही पटण्यासारखं. पण यात शरिया प्रमुखाची अडचण बघा, विषयाच्या बाबतीत तो कमिटीला जबाबदार आणि पगार, बोनस, रजा हे सगळं सीईओकडे. तो मेमो दोन आठवडे लीगलमध्ये फिरला. बटन मात्र उस्ताझने पहिल्याच दिवशी हट्टाने बंद करून घेतलं, लेखी, ईमेलवर, आयटीला कॉपी ठेवून. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात चांगली चाल हीच होती, कारण पुढे बँक नेगाराने विचारलं तेव्हा निदान ताबडतोब थांबवलं हे तरी दाखवता आलं. उशिरा का कळवलं याला मात्र कुणाकडेच धड उत्तर नव्हतं.

पर्याय काय होते

कमिटीसमोर तीन मार्ग गेले. मी प्रेझेंटेशनपुरता आत होतो, चर्चेचं पुढचं उस्ताझकडून कळलं.

पहिला मार्ग, हा नियमभंगच नाही असं म्हणायचं. तेल शेवटी घेतलं ना, ग्राहकाचं नुकसान झालं नाही ना, मग संध्याकाळचा एसएमएस हा अकद न मानता नुसतं वचन माना आणि सकाळी खरेदी झाल्यावर विक्री आपोआप झाली असं समजा. ऐकायला बरं वाटतं. पण एसएमएसमध्ये सरळ लिहिलं होतं "मी विकत घेतो", आणि पैसे तर आदल्या दिवशीच सुटले होते, वचनावर पैसे कसे सुटतील? मग कुणीतरी सलमचा मुद्दा काढला. सलममध्ये नसलेला माल आधी विकता येतो, शेतकऱ्याला पेरणीआधी पैसे मिळावेत म्हणून ही सवलत आहे, पण तिथे किंमत पूर्ण रोख आधी द्यावी लागते. इथे माल उद्या आणि किंमत पाच वर्षांच्या हप्त्यांत, दोन्ही बाजू उधार, आणि उधारीच्या बदल्यात उधारी विकणं फिकहमध्ये चालत नाही. कमिटीतल्या एका ज्येष्ठ सदस्याने म्हणे दोन मिनिटांत हा मार्ग बंद केला.

दुसरा मार्ग, भंग मान्य करायचा, त्या खात्यांवर आतापर्यंत मिळालेला नफा धर्मादायला देऊन टाकायचा आणि पुढे जसं चाललंय तसं चालू. बिझनेसला हा आवडला कारण यात ग्राहकाला कळवायलाच लागत नाही. रिटेल हेडची भीती अगदीच पोकळ होती असं नाही. त्यांनी दाना गॅसचं उदाहरण दिलं, शारजाची ती कंपनी २०१७ मध्ये आपल्याच ७० कोटी डॉलरच्या सुकूकबद्दल, म्हणजे इस्लामी रोख्यांबद्दल, म्हणाली की हे आता शरियाप्रमाणे वैध नाहीत म्हणून आम्ही फेडणार नाही, प्रकरण लंडनच्या कोर्टापर्यंत गेलं. आपलाच करार बातिल आहे असं बँकेने ग्राहकाला लेखी दिलं तर उद्या ग्राहकही असंच म्हणेल, ही भीती.

तिसरा मार्ग, विक्री बातिल म्हणून जाहीर करायची, नफा ज्याचा त्याला परत, आणि बाकी रकमेसाठी ग्राहकाच्या संमतीने नव्याने, नीट क्रमाने तवर्रुक.

कमिटीने काय ठरवलं

तिसरा. पण सरळ नाही, आणि खरी चर्चा दुसऱ्या-तिसऱ्या मार्गांमधल्या एका प्रश्नावर झाली, की हे पैसे कुणाचे? धर्मादाय हा रस्ता ज्या पैशाचा मालक सापडत नाही त्यासाठी, असं कमिटीचं मत पडलं. इथे मालक समोर आहे, त्याचा खाते नंबर आहे, मोबाइल नंबर आहे. त्याचे पैसे त्याला न विचारता दान करणारे तुम्ही कोण? मला वाटतं हा प्रश्न शरिया न मानणाऱ्या बँकेनेही विचारावा असा आहे.

मुद्दल मात्र माफ नाही. दाना गॅसच्या भीतीवर कमिटीचं उत्तर असं, की विक्री बातिल झाली म्हणून हातात घेतलेले रोख पैसे नाहीसे होत नाहीत, ते कर्ज म्हणून देणं लागतातच, फक्त वर काही नाही. टॉप-अपमध्ये बंद झालेलं जुनं खातंही बंदच राहील कारण ते खऱ्या पैशाने फिटलंय. लेट पेमेंटचा आकारही परत. एरवी तिथल्या नियमाने थकलेल्या हप्त्यावर वर्षाला १ टक्क्यापर्यंत भरपाई बँकेला घेता येते, पण मूळ विक्रीच नाही तर भरपाई कशाची.

एका सदस्याने वेगळं मत नोंदवलं. त्यांच्या मते सकाळी तेल आल्यावर बँकेने ग्राहकाच्या वतीने ते विकलंच होतं, म्हणजे निदान तिथून पुढे व्यवहार उभा राहिला असं धरता येईल. बहुमत नाही मिळालं, पण मिनिट्समध्ये ते आलं, आणि आलं हे चांगलं झालं.

अंमलबजावणी, म्हणजे खरी डोकेदुखी

हिशेब सोपा होता. चालू खात्यांवर नफा म्हणून घेतलेला भाग मुद्दलात वळता केला, बंद खात्यांना रोख परत, जे सापडलेच नाहीत त्यांचा भाग धर्मादायला. नवीन अकद करून घेणं मात्र अवघड निघालं. नव्या फॉर्ममध्ये वकालाचं, म्हणजे प्रतिनिधी नेमण्याचं, एक कलम होतं, दुरुस्तीसाठी पुन्हा कमोडिटी व्यवहार करायचा अधिकार ग्राहक बँकेला देतो असं, त्यामुळे ती खाती आठवड्यात मार्गी. जुन्या फॉर्मला हे कलमच नाही. कमिटी ठाम, ग्राहकाचा होकार पाहिजे म्हणजे पाहिजे.

मग पत्रं पाठवली. लीगलने लिहिलेली, दोन पानी मलय भाषेत, त्यात बातिल आणि कलम २८ आणि खाली लिंक. तिथे बँकेच्या नावाने फसवणुकीचे मेसेज इतके येतात आणि लिंकवर क्लिक करू नका असं बँकाच इतकं सांगतात, की लोकांनी पत्र फाडून टाकलं किंवा ब्रँचला फोन करून हे खरं आहे का विचारलं, आणि ब्रँचला काहीच माहीत नाही! शेवटी ब्रँच मॅनेजरांनी फोन करकरून एकेकाला समजावलं. आणि ज्याला नीट समजलं त्यातले काही तर हसलेच, कारण सही केली तर पुन्हा नफ्यासकट हप्ते, नाही केली तर नुसतं मुद्दल, मग सही कोण करेल? तरी बऱ्याच जणांनी केली. ठरलेली गोष्ट आहे, मी पैसे वापरले, असं म्हणून केली. बाकीची खाती बिननफ्याची राहिली, ते नुकसान बँकेने सोसलं.

निकाल

बँक नेगाराला प्लॅन गेला, मान्य झाला, उशिराबद्दल चार शब्द ऐकावे लागले. मायग्रेशन लांबलं. मॅन्युअल कन्फर्मचं बटन नव्या सिस्टिममध्ये नाहीच, खरेदीचं कन्फर्मेशन आल्याशिवाय अकदचा एसएमएस तयारच होत नाही, प्लॅटफॉर्म बंद असेल तर ग्राहकाला उद्या पैसे मिळतील. महिनाअखेरीला सेल्सवाले अजून कुरकुरतात म्हणे. सगळ्या वेळा एकाच प्रमाणवेळेत साठवल्या जातात. शरिया ऑडिट आता सर्टिफिकेटऐवजी सिस्टिमचा लॉग मागतं, आणि टीममध्ये डेटा कळणारी एक मुलगी घेतली, ती पहिल्याच वर्षी ऑडिटच्या जुन्या चेकलिस्टचे तुकडे करत होती.

वेगळं काय करता आलं असतं

कमिटीला दोष देणं सोपं आहे पण त्यांच्यासमोर जे आलं ते त्यांनी नीटच तपासलं होतं, प्रॉडक्टचा आराखडा, करारांचे मसुदे, एसएमएसचा शब्द न शब्द. बटन त्यांच्यासमोर आलंच नाही. क्रमाला हात लावणारी कुठलीही चेंज रिक्वेस्ट शरिया रिव्ह्यूकडे गेलीच पाहिजे होती, आणि "शरिया इम्पॅक्ट आहे का" हा रकाना मागणाऱ्याने भरायचाच नाही. आपल्याकडच्या सहकारी बँकेतही ज्याची चूक त्यानेच व्हाउचर तपासलं की काय होतं ते माहितीये सगळ्यांना.

दुसरं, कमिटीने वर्षातून एकदा तरी ऑपरेशन्सच्या मजल्यावर महिनाअखेरीची एक संध्याकाळ बसायला हवं होतं. हे मी उस्ताझना बोललो तर ते म्हणाले सदस्यांपैकी बरेच जण विद्यापीठात शिकवतात, एवढ्या मीटिंगांना येतात तेच खूप. मान्य, पण मग कमिटीच्या वतीने बसणारा माणूस हवा, आणि त्याचा बोनस ज्याच्यावर तो लक्ष ठेवतोय त्याने ठरवायचा नाही. तो दोन आठवड्यांचा उशीर मला तरी याच एका कारणाने झालेला दिसतो. संशयाच्या पायरीवरच थेट अध्यक्षांना कळवायचा अधिकार, लीगलला न विचारता, शरिया प्रमुखाकडे लेखी असता तर मेमो फिरत बसलाच नसता.

तिसरं, दुरुस्तीचं वकाला कलम जुन्या ग्राहकांकडून आधीच, टॉप-अपच्या वेळी, घेता आलं असतं. सगळ्या टॉप-अपवाल्यांनी नव्याने सही केलीच होती, फॉर्म फक्त जुना छापलेला वापरला, कारण ब्रँचमध्ये गठ्ठे शिल्लक होते.